प्रॅक्टिकल फाइल नेटकी, वायवात मुलं गप्प: इंदूरच्या विद्यार्थ्यांनी एआय कसं वापरावं?

राजेंद्रनगरी (धागाकर्ती)

मंडळी, मी इंदूरच्या एका खासगी कॉलेजात बीसीए आणि एमसीएच्या मुलांना डेटाबेस शिकवते. अलीकडे एक गोष्ट फार ठळक दिसते. प्रॅक्टिकल फाइल पूर्वी कधी नव्हत्या इतक्या नेटक्या येतात, आणि त्याच फाइलमधला एखादा प्रश्न वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारला की मुलं गप्प होतात. मुलं हुशार आहेत, कष्टाळूही आहेत. पण उत्तर त्यांच्या हातून गेलेलंच नसतं, ते फक्त फाइलमधून गेलेलं असतं. प्लेसमेंटचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

एक उदाहरण देते. कॅम्पस मुलाखतीतला जुना, घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे: कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधा. एआयला विचारलं तर अनेकदा असं उत्तर मिळतं की पगार उतरत्या क्रमाने लावा, पहिली ओळ सोडा, पुढची घ्या. दिसायला अगदी बरोबर. मग मी विचारते, सर्वांत जास्त पगार दोघांना सारखाच असेल तर? तेव्हा पहिली ओळ सोडली तरी पुढच्या ओळीत तोच आकडा येतो आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, चुकते. तिथे सारखे आकडे एकदाच धरणारं डिस्टिंक्ट लावावं लागतं, नाहीतर सारख्या आकड्यांना एकच क्रमांक देणारं डेन्स रँक वापरावं लागतं. ज्या मुलीने आधी वहीत पाच माणसांचं टेबल काढून स्वतः डोकं चालवलं असेल तिला हे सुचतं. जिने तयार क्वेरी उतरवली तिला प्रश्नच कळत नाही की मी असं का विचारते आहे.

हे नुसतं बाईंचं गाऱ्हाणं आहे असं कुणी समजू नये. तुर्कस्तानात एका शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. तो २०२४ मध्ये समोर आला. काही मुलांना सराव करताना साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, काहींना थेट उत्तर न सांगता फक्त इशारे, म्हणजे पुढची दिशा, देणारं, शिक्षकांच्या सूचनांवर बेतलेलं साधन दिलं, आणि काहींना काहीच नाही. सराव करताना पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या गटाचे १२७ टक्क्यांनी. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या मुलांपेक्षाही १७ टक्के मागे पडला. इशारेवाल्या गटाचं तसं नुकसान झालं नाही. यंत्र एकच होतं, फरक ते काय बोलतं एवढाच.

माझं म्हणणं इतकंच आहे की एआयकडून उत्तर घेऊ नका, त्याला तुम्हाला प्रश्न विचारायला लावा. आणि त्याच्याकडे जाण्याआधी स्वतःचा एक प्रयत्न कागदावर असलाच पाहिजे, मग तो कितीही कच्चा असो.

वर्गात मी मुलांना हा मजकूर लिहून दिला आहे: "मी बीसीएचा विद्यार्थी आहे. खाली मी स्वतः लिहिलेली क्वेरी आहे. बरोबर क्वेरी सांगू नकोस. ही क्वेरी ज्या डेटावर चुकेल असा चार-पाच ओळींचा एक नमुना दे आणि काय होईल ते मला विचार." मग मुलं पहिल्या प्रयत्नाचा फोटो, एआयशी झालेलं बोलणं आणि शेवटची क्वेरी असं तिन्ही जमा करतात, खाली दोन ओळींत काय बदललं आणि का ते लिहितात. फाइलचे गुण मी कमी केले, वायवाचे वाढवले.

इथे कंपन्यांत काम करणारे, शिकवणारे, शिकणारे आणि पालक असे सगळेच आहेत. तुमच्याकडे काय दिसतं ते मोकळेपणाने लिहा.

---

खरगोनचा_मुलगा

मॅडम, मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, भंवरकुआजवळ खोली करून राहतो. माझ्यासारख्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची आणि कॉलेजात पुस्तकं, पेपर, मुलाखत सगळं इंग्रजीत. विषय डोक्यात असतो, तोंडातून निघत नाही. जीडीमध्ये, म्हणजे गटचर्चेत, दोन वाक्यं बोलेपर्यंत शहरातल्या शाळांची मुलं पुढे निघून जातात.

मी एआय असं वापरतो. आधी एखादी कल्पना हिंदीत समजून घेतो, तांत्रिक शब्द मात्र इंग्रजीच ठेवायला सांगतो, कारण मुलाखतीत तेच ऐकू येणार. मग फोन हातात घेऊन तेच इंग्रजीत मोठ्याने बोलतो. व्हॉइस चालू असतो. त्याला सांगून ठेवलं आहे की माझं उत्तर नव्याने लिहू नकोस, माझीच वाक्यं ठेव, फक्त सगळ्यात जास्त खटकलेली तीन सुधार आणि मी कुठे अडलो ते सांग. पूर्ण उत्तर त्याने लिहिलं की ते सुंदर असतं, पण ते माझ्या तोंडी बसत नाही आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आणखी एक सांगतो. वर्गात साठ मुलांसमोर तीच गोष्ट चौथ्यांदा विचारायची हिंमत होत नाही. इथे होते. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

---

सराफ्यातला_वाचक

+१. शेवटचा परिच्छेद प्रत्येक शिक्षकाने वाचावा.

---

निवृत्त_भौतिक

राजेंद्रनगरी, धागा चांगला काढलात. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातला बराच काळ होळकर कॉलेजात. १८९१ सालापासूनच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेची शिस्त कडक होती आणि वायवाही कडक असे.

या मुलाने जे लिहिलं त्यामागे शिक्षणशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं की एका मुलाला एक शिक्षक मिळाला आणि पुढचा धडा मागचा पक्का झाल्यावरच सुरू केला, तर साधारण मूलही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पुढच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. प्रश्न असा होता की प्रत्येक मुलाला वेगळा शिक्षक आणायचा कुठून? आज लोकांना वाटतं की उत्तर सापडलं.

हार्वर्डमध्ये २०२३ च्या सत्रात विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातल्या १९४ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. एका आठवड्यात अर्धी मुलं चर्चा आणि कृतींनी भरलेल्या वर्गात बसली, अर्धी घरी एआय शिक्षकाबरोबर, आणि पुढच्या आठवड्यात गटांची अदलाबदल. एआयबरोबरची मुलं कमी वेळात दुपटीहून अधिक शिकली. हा आकडा अनेकजण उचलतात. मात्र त्या एआयला प्रत्येक प्रश्नाचं अचूक, पायऱ्यापायऱ्यांचं उत्तर प्राध्यापकांनी आधीच लिहून दिलं होतं आणि एका वेळी एकच पायरी पुढे सरकायची असं बांधून दिलं होतं, हे क्वचितच सांगितलं जातं. म्हणजे शिक्षकाचं काम कमी झालं नाही, वर्गाच्या आधी गेलं आणि वाढलं. आमच्या कॉलेजांतले संस्थाचालक साधन विकत घेतात आणि शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवतात, तेव्हा मला ह्याच गोष्टीची काळजी वाटते.

---

सुपरकॉरिडॉर

मी सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहे आणि भरतीच्या पॅनलवर बसतो. कंपनीचं नाव नको, पण आतली परिस्थिती सांगतो.

आजकाल रेझ्युमे वाचताना नाव झाकलं तर कुठला कुणाचा ते ओळखता येत नाही. सगळे जोशपूर्ण, सगळे संघभावनेने भारलेले, सगळ्यांनी कशाची ना कशाची कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवलेली. आम्ही त्या ३० टक्क्यांवर बोट ठेवतो. कशाशी तुलना केली, कसं मोजलं? तिथेच मुलाखत संपते. त्याउलट एका मुलीने कपड्यांच्या दुकानासाठी, स्वतःच्या मामांच्या, उधारीची नोंद ठेवणारं छोटं ॲप केलं होतं. गिऱ्हाईक अर्धे पैसे देऊन गेलं तर नोंद कशी करायची, एकाच नावाची दोन माणसं असली तर काय, हे तिला दुकानात बसून कळलं होतं. तिने कोड लिहिताना एआय वापरलं होतं आणि तसं सांगितलंही. आम्हाला काहीच अडचण नव्हती, कारण कुठली ओळ का आहे ते ती सांगू शकत होती. तिला घेतलं.

हे मुलांनी नीट समजून घ्यावं. कोडिंगसाठी एआयची साधनं आता कंपन्या स्वतःच देतात. ती वापरू नका असं कुणी म्हणत नाही. आम्ही पाहतो ते हे की यंत्राने दिलेला कोड तुम्हाला वाचता येतो का, त्यातली खोट दिसते का. राजेंद्रनगरींची दुसऱ्या पगाराची गोष्ट नेमकी हीच आहे. ऑनलाइन लेखी फेरीत कॅमेरा चालू असतो, समोरासमोरच्या फेरीत कागद आणि पेन असतं. तिथे तुम्ही आणि तुमचं डोकं, बाकी कुणी नाही.

तयारीसाठी माझी एक सूचना. नोकरीची जाहिरात आणि आपला रेझ्युमे एआयला द्या आणि विचारा: "या रेझ्युमेतल्या कुठल्या ओळीवर तुझा विश्वास बसत नाही? त्या ओळीवर एकामागून एक पाच प्रश्न विचार, माझं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारू नकोस." ज्या ओळीवर पाच प्रश्न टिकत नाहीत ती ओळ काढून टाका. एक पानाचा रेझ्युमे अर्ध्या पानाचा झाला तरी चालेल.

---

पुण्यातला_इंदूरी

सगळं खरं आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या पातळीची कामं, म्हणजे टेस्टिंग, साधे रिपोर्ट, सपोर्टची तिकिटं, हीच आधी यंत्राकडे जात आहेत. पूर्वी फ्रेशर याच कामांवर शिकायचा. ती पायरीच राहिली नाही तर मुलांनी मुलाखतीची कितीही तयारी केली तरी चढणार कुठून? आमच्या टीममध्ये यंदा नव्या मुलांच्या जागा निघाल्याच नाहीत. माझ्या भाच्याला मी काय सांगू?

---

सुपरकॉरिडॉर

काळजी रास्त आहे, ती खोटी ठरवायचा मला अधिकार नाही. भाच्याला इतकं सांगा की जी पायरी कंपनीत मिळायची ती आता कॉलेजातच चढावी लागेल. खऱ्या माणसाची खरी अडचण घेऊन तीन-चार महिने काम करायचं, इंटर्नशिप मिळाली तर उत्तम, नाहीतर ओळखीचं दुकान, दवाखाना, शिकवणी काहीही चालेल. आणि फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांकडे पाहू नका. या शहराच्या आसपास दुसरीही कामं आहेत.

---

पीथमपूरकर

त्या दुसऱ्या कामांबद्दल मी लिहितो. पीथमपूरला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे डिप्लोमा आणि बीई मेकॅनिकलची मुलं येतात. ड्रॉइंगवरची चिन्हं, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती मर्यादा), कुठला पृष्ठभाग आधार धरायचा, हे एआय फार छान समजावतं. नव्या मुलांना मी स्वतः सांगतो की घरी जाऊन विचारा, पण कंपनीचं ड्रॉइंग चढवू नका, ते गोपनीय असतं. पुस्तकातलं चित्र घ्या किंवा हाताने काढा.

पण मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं स्क्रूचं साधन, किती आवळायचा हे बोटांनाच शिकावं लागतं. एकच पिन तीन मुलांनी मोजली तर तीन मापं येतात. कुणी जास्त दाबलं, कुणी पिन मशीनवरून गरम असतानाच उचलली. गरम लोखंड फुगलेलं असतं, माप जास्त येतं, पिन थंड झाली की मर्यादेच्या खाली जाते आणि माल परत येतो. एआयला विचारलं तर तो हे कारण बरोबर सांगेल. फक्त समोरची पिन गरम आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल ना! ते सांगणारा माणूस आम्हाला हवा असतो, त्यालाच आम्ही पगार देतो.

इथे नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून चालू आहे, गाड्यांची चाचणी होते. मेकॅनिकलच्या मुलांनी अशा ठिकाणी काय मोजतात, कसं मोजतात एवढं तरी वाचून मुलाखतीला यावं. पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या गोष्टीचा मुलांना पत्ता नसतो.

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

सगळे कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलबद्दलच लिहीत आहेत म्हणून मी कॉमर्सचं लिहिते. सीएच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करते. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, ५ आणि १८ हे मुख्य राहिले आणि काही वस्तूंना ४० आला. एआयला साधा प्रश्न विचारला तर काही वेळा तो जुनेच चार टप्पे ठामपणे सांगतो. इतक्या आत्मविश्वासाने की नव्या मुलीला शंकाच येऊ नये.

म्हणून आमच्या सरांनी नियम केला आहे की दर, तारीख, कलम, मर्यादा यातलं काहीही एआयकडून थेट घ्यायचं नाही, अधिसूचना उघडून पाहायची. मग त्याच अधिसूचनेची पीडीएफ एआयला देऊन "यातलं आपल्या किराणावाल्या क्लायंटला काय लागू आहे" असं विचारायचं. ते तो चांगलं काढून देतो, आणि तेही परिच्छेद क्रमांक मागून पडताळायचं. एक्सेलची सूत्रं मात्र मी त्याच्याकडूनच शिकले. दोन याद्या जुळवायला पूर्वी संध्याकाळ जायची.

सुपरकॉरिडॉर दादा, बीकॉमवाल्यांनी रेझ्युमेत काय लिहावं? आमच्याकडे प्रोजेक्ट नसतात.

---

सुपरकॉरिडॉर

ताई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच लिहा. दर बदलला तेव्हा तुम्ही क्लायंटची बिलं कशी तपासली, हे प्रोजेक्ट नाही तर काय आहे? क्लायंटचं नाव तेवढं लिहू नका.

---

लोकमान्यनगरची_आई

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मुलाने कुठल्याशा फुकट रेझ्युमे बनवणाऱ्या साइटवर आधार कार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, घरचा पत्ता, माझा फोन नंबर सगळं चढवलं. नंतर नोकरी लावून देतो असे फोन माझ्यावर यायला लागले, आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणून. आम्ही भरले नाहीत, पण शेजारच्या घरातून गेले. मुलांना हे कोण शिकवणार? 

दुसरं, माझ्या भाचीचं. दुसऱ्या शहरात एमए करते. निबंध तिने स्वतः लिहिला. कॉलेजने कुठल्यातरी तपासणी सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि एआयने लिहिलाय म्हणून शून्य गुण दिले. मुलगी आठवडाभर रडत होती. हा कुठला न्याय?

---

राजेंद्रनगरी (धागाकर्ती)

ताई, भाचीचं वाचून खरंच वाईट वाटलं. ही तपासणी सॉफ्टवेअर पुरावा म्हणून धरण्याच्या लायकीची नाहीत, हे तिच्या कॉलेजला लेखी कळवा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्यं, मोजका शब्दसंग्रह, की झाला आरोप. म्हणजे सर्वांत जास्त फटका आपल्याच मुलांना बसणार, त्या खरगोनच्या मुलासारख्यांना. भाचीकडे कच्चे खर्डे असतील, गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर तिथे बदलांचा इतिहास राहतो, तो दाखवता येतो. आणि समोर बसवून तोंडी दहा मिनिटं विचारा अशी तिने मागणी करावी. मी शिक्षिका म्हणून सांगते, दहा मिनिटांत सगळं कळतं.

माहितीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. रेझ्युमेवर आधार, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता यातलं काहीही लागत नाही. एआयला देताना नाव आणि फोनही काढावा. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक फोन तिथेच कापावा. गेलेच असतील तर शेजाऱ्यांना १९३० वर फोन करायला सांगा, सायबर फसवणुकीसाठी तोच नंबर आहे.

---

अटलांटाहून

मूळची इंदूरच्या रामबागची, आता अनेक वर्षं इथे आहे. शिकवण्याच्या आणि मुलाखतीच्या बाहेरही एक उपयोग आहे, तो कुणी लिहिला नाही. इथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी मेसेजवर उत्तरं देणारा चॅटबॉट सुरू केला. प्रवेश मिळूनही उन्हाळ्यात गळून जाणारी मुलं असतात, फॉर्म राहिला, शिष्यवृत्तीचा कागद राहिला, विचारायला कुणी नाही. ती गळती त्यांनी सुमारे २१ टक्क्यांनी कमी केली. ज्या प्रश्नांची उत्तरं बॉटला येत नव्हती ती माणसांकडे जात होती, हे महत्त्वाचं.

मला लगेच एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या, दुकानांतल्या रांगा आठवल्या. ई-प्रवेशची (कॉलेजच्या ऑनलाइन प्रवेशाची) तारीख, परीक्षा फॉर्म, नामांकन (नोंदणी) क्रमांक, एटीकेटीचे (विषय राहूनही पुढे जाण्याचे) नियम, याच्यासाठी खेड्यांतली मुलं बस करून इंदूरला येतात. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या नियमांची खरी माहिती भरलेला, हिंदीत बोलणारा असा बॉट कुणी नीट केला तर त्या मुलांचं किती भाडं वाचेल!

---

निवृत्त_भौतिक

उत्तम सूचना. फक्त चुकीची तारीख सांगितली तर जबाबदार कोण, हे आधी ठरलं पाहिजे. मुलाचं वर्ष जातं.

---

खरगोनचा_मुलगा

मॅडम, एक अडचण राहिली. हे सगळं एकट्याने फोनवर करून मी इंग्रजीत बराच मोकळा झालो, पण समोर खरा माणूस बसला की पुन्हा घसा कोरडा पडतो. यंत्र भुवया उंचावत नाही, मध्येच तोडत नाही, घड्याळ बघत नाही. मुलाखतीत हे सगळं होतं.

---

राजेंद्रनगरी (धागाकर्ती)

याचसाठी मी सुपरकॉरिडॉर आणि पीथमपूरकर दोघांना विचारणार होते. दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी दोन तास आपण खऱ्या मुलाखतींचा सराव घेऊया का? घरी एआयबरोबर तयारी करून यायची, इथे माणसांसमोर बसायचं. फी नाही. निवृत्त_भौतिक सर, तुम्ही आलात तर वायवाची जुनी शिस्तही मुलांना कळेल.

---

सुपरकॉरिडॉर

मी येतो. मुलांनी रेझ्युमेची छापील प्रत आणावी, आणि त्यावर एआयने सुचवलेली कुठली ओळ त्यांनी नाकारली आणि का, ते पाठीमागे हाताने लिहावं. मी तिथूनच सुरुवात करेन.

---

पीथमपूरकर

रविवारी सुट्टी असते, येईन. मायक्रोमीटर आणि चार-पाच पिन घेऊन येतो.

---

निवृत्त_भौतिक

आनंदाने येईन. जिना नसलेली जागा बघा.

---

लोकमान्यनगरची_आई

आमचा तळमजल्यावरचा हॉल रिकामाच असतो. वीस-पंचवीस मुलं आरामात बसतील. चहा-पोह्यांचं मी पाहते.

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

कॉमर्सवाले आले तर चालेल का?

---

राजेंद्रनगरी (धागाकर्ती)

चालेल काय, याच! अकाउंट्सची मुलाखत घेणारं कुणी आपल्यात नाही. तुमच्या सरांना विचारून पाहा ना. इतर कुणाला यायचं असेल तर इथेच शाखा आणि वर्ष लिहा, पत्ता निरोपातून कळवते. फोन नंबर धाग्यावर टाकू नका.